पिकअपचा युरियाचा दिवा लागला तर सेन्सर बदलायच्या आधी काय काय पाहायचं

मागच्या संत्र्याच्या सीझनला काटोलहून माल भरून रात्री निघालो, पहाटे चारच्या आत नागपूरच्या कळमना मार्केटला गाडी लावायची होती, आणि फेटरीच्या आसपास मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा आणि त्याच्या बाजूला युरियाचा, म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत टाकतात त्या पातळ युरियाचा, दिवा असे दोन्ही सोबतच लागले. गाडी पळत होती पण दम तुटल्यासारखी करून राहिली होती. माल उतरवून सकाळी गॅरेजला नेली, स्कॅनर लावला, कोड निघाला पी२०ईई, आणि मिस्त्रीनं दोन मिनिटांत निकाल देऊन टाकला, "मागचा नॉक्स सेन्सर गेला भाऊ, बावीस हजार पकडून चाला." नॉक्स सेन्सर म्हणजे धुरातला विषारी वायू मोजणारा. मी म्हटलं उद्या येतो.

घरी येऊन सहज युरियाच्या टाकीचं निळं झाकण उघडलं आणि आमच्या क्लीनर पोराला विचारलं, युरिया शेवटचा कधी टाकला रे. तो म्हणते कसा, "युरिया कुठं होता दादा, काटा खाली दिसला तर पाण्याच्या दोन बाटल्या टाकल्या मी, त्यात पाणीच तर असते ना." आता तसं पाहिलं तर पोरगं अगदीच खोटं नव्हतं बोलत, युरियाच्या कॅनमध्ये ६७.५ टक्के पाणीच असते. पण उरलेले ३२.५ टक्केच काम करतात ना बाप्पा. टाकी खाली केली, धुतली, सीलबंद युरिया टाकला, बुटीबोरीच्या दोन खेपा मारल्या, कोड पुसला, परत आला नाही. बावीस हजार वाचले आणि पोराला चहा पाजला, कारण खरं सांगितलं त्यानं.

तेव्हापासून ओळखीचं कोणी फोन केला की मी सेन्सरचं नावही घेत नाही, पहिले टाकीत काय गेलं ते विचारतो. खाली जे लिहून राहिलो ते त्याच क्रमानं आहे, म्हणजे फुकटातलं आधी आणि महागातलं शेवटी.

सुरुवातीला हे पाहा की तुमच्या गाडीत युरिया आहे तरी का. १ एप्रिल २०२० पासून बीएस६, म्हणजे धुराचे नवीन कडक नियम, आलं म्हणजे सगळ्याच डिझेल गाड्यांत युरिया आला असं नाही, काही लहान डिझेल गाड्या वेगळ्या पद्धतीच्या कॅटलिस्टवर बीएस६ पास करतात, त्यांत युरियाची टाकीच नसते. निळं झाकण दिसलं तर आहे, नाहीतर नाही. डीईएफ म्हणा, ॲडब्लू म्हणा, आपल्याकडे युरिया म्हणा, वस्तू एकच आहे.

काम कसं चालते ते थोडक्यात समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. टाकीतून पंप युरिया ओढते, फिल्टरमधून प्रेशरनं लाईनमध्ये ढकलते, सायलेन्सरच्या पाईपवर बसवलेला इंजेक्टर, ज्याला मिस्त्री लोक डोझर म्हणतात, तो त्याचा बारीक फवारा गरम धुरात मारते. गरमीनं युरियाचा अमोनिया होते, तो अमोनिया पुढच्या एससीआर कॅटलिस्टमध्ये जाऊन नॉक्स नावाच्या विषारी वायूचा साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ करून टाकते. कॅटलिस्टच्या आधी एक नॉक्स सेन्सर, नंतर एक. कॉम्प्युटर दोघांचे आकडे पाहते आणि मागचा आकडा पाहिजे तेवढा उतरला नाही तर म्हणते की कॅटलिस्टची एफिशियन्सी कमी आहे. पी२०ईईचा अर्थ एवढाच आहे. त्यात कुठंच लिहिलेलं नाही की सेन्सर खराब आहे. सेन्सर तर बिचारा चुगली करून राहिला, आणि आपण चुगली करणाऱ्यालाच घरातून काढतो.

आता हिशोबाची गोष्ट. युरिया साधारण डिझेलच्या ३ ते ५ टक्के लागते. म्हणजे १०० लिटर डिझेल जाळलं तर ३ ते ५ लिटर युरिया. गाडी १२ चं ॲव्हरेज देत असेल तर १,००० किलोमीटरला ८३-८४ लिटर डिझेल, म्हणजे अडीच ते चार लिटर युरिया गेला पाहिजे. गाडीगाडीत फरक पडते, पण अंदाज येते. डॅशबोर्डवर एक चिठ्ठी चिकटवून ठेवा, कोणत्या तारखेला किती किलोमीटरवर किती युरिया टाकला. दीड हजार किलोमीटर झाले आणि युरिया हललाच नाही तर खुश होऊ नका, फवारा बंद आहे, कुठंतरी चोक आहे. आणि नेहमीच्या दुप्पट जाऊन राहिला तर कुठंतरी गळून राहिला किंवा इंजेक्टर टपकून राहिला. ही चिठ्ठी कितीही भारी मिस्त्रीपेक्षा लवकर सांगते.

लेव्हलचा दिवा असेल तर थोडं थोडं टाकत बसू नका. बऱ्याच गाड्यांत लिटर-दोन लिटर टाकलं तर टाकीतल्या लेव्हल सेन्सरला कळतच नाही, एकदम पाच-सात लिटर टाका, चाबी ऑन करून थांबा, थोडी गाडी चालवा. तेवढ्यानं दिवा गेला तर हा लेख इथंच सोडून कामाला लागा.

नाही गेला तर टाकीचं झाकण उघडा आणि नाक लावा, पण एकदम तोंड घालू नका, उन्हात उभी असलेली टाकी असेल तर अमोनियाचा भपका डोळ्यांतून पाणी काढते. थोडासा वास चालते. झणझणीत वास म्हणजे माल गरमीत सडलेला आहे. मग स्वच्छ काचेच्या ग्लासात, म्हणजे खरंच स्वच्छ, डिस्टिल्ड वॉटरनं धुतलेल्या ग्लासात, थोडा युरिया काढा. तो पाण्यासारखा आरपार दिसला पाहिजे. पिवळसर, गढूळ, खाली गाळ, वर तेलाचा इंद्रधनुष्यी तवंग, यातलं काहीही दिसलं तर सेन्सरचा विषय संपला, टाकी साफ करायचीच आहे.

पुढं रिफ्रॅक्टोमीटर. ही हातात मावणारी दुर्बिणीसारखी नळी असते, काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण पाडायचं, उजेडाकडं धरून पाहायचं, निळ्या-पांढऱ्याची रेघ जिथं आली तो आकडा. डीईएफच्या स्केलचाच घ्या, बॅटरी-कूलंटवाल्यात काही लोक अंदाजानं पाहतात ते नको. आकडा ३१.८ ते ३३.२ च्या आत पाहिजे. आमच्या त्या दोन बाटल्यांनंतर रेघ २४ च्या जवळ होती. चौकातल्या चार गाडीवाल्यांनी मिळून एक घेतला तरी चालते, रोज थोडीच लागते.

पण एक खोड आहे यात, आणि इथंच लोक फसतात. रिफ्रॅक्टोमीटर फक्त किती दाट आहे ते सांगते, किती शुद्ध आहे ते नाही. कोणी शेतीचा युरिया बोरिंगच्या पाण्यात बरोबर मापानं कालवून विकला तरी तो ३२.५ च दाखवणार. आणि असा माल फिरून राहिला आहे, काही झाकून ठेवण्यासारखं नाही. शेतीच्या ४५ किलोच्या पोत्याची सरकारी किंमत २६६ रुपये ५० पैसे, म्हणून लोकांना वाटते घरीच बनवू. २०१५ पासून शेतीचा सगळा युरिया नीमकोटेड आहे, त्यावर निंबाच्या तेलाचा थर असते. ते तेल, त्यातला कचरा, आणि आपल्याकडच्या बोरिंगच्या पाण्यातला चुना हे सगळं मिळून आधी फिल्टर, मग इंजेक्टर, शेवटी कॅटलिस्ट खाते. वरून सबसिडीचा युरिया गाडीत टाकणं हा फर्टिलायझर कंट्रोल ऑर्डर, १९८५ खाली गुन्हा आहे ते वेगळंच. कॅनवर आयएसओ २२२४१ लिहिलेलं, बॅच नंबर आणि तारीख छापलेली, सील शाबूत, एवढं पाहून घ्या. मोकळ्या ड्रममधून मगानं मोजून देणाऱ्याकडून घेऊ नका, तो कितीही "आपलाच माणूस" असला तरी.

आता नागपूरची खास भानगड, गरमी. युरियाचं आयुष्य तो किती गरमीत ठेवला त्यावर असते. २५ डिग्रीपर्यंत ठेवला तर १८ महिने, ३० पर्यंत १२ महिने, ३५ पर्यंत फक्त ६ महिने. त्याच्या वर गेलं की भरवसा नाही, वापरायच्या आधी तपासा. आणि आपल्या इथं मे महिन्यात सावलीतच ४५ च्या पार जाते, मग वाडीच्या टिनाच्या गोडाऊनमध्ये पत्र्याखाली ठेवलेल्या बकेटीचं काय होत असेल ते तुम्हीच सांगा. लोक स्वस्त मिळाला म्हणून फेब्रुवारीत दहा बकेटी भरून ठेवतात आणि दिवाळीच्या सीझनला काढतात. त्यापेक्षा लागेल तसा घ्या, जिथं माल लवकर संपते अशा दुकानातून घ्या. आमच्याकडं बकेट आता कूलरच्या खोलीत असते, बायको बोलते, पण असते. गाडीच्या हौद्यात ताडपत्रीखाली स्पेअर कॅन टाकून फिरायची सवय असेल तर उन्हाळ्यापुरती तरी सोडा.

भांड्यांचंही तसंच आहे. युरियाला तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, साधं लोखंड चालत नाही, तो त्यांना खाते आणि ते विरघळून युरियात उतरतात. त्याच्या ओरिजनल प्लॅस्टिक कॅनमधूनच टाका, आणि फनेल वेगळं ठेवा, त्यावर मार्करनं युरिया लिहा. डिझेलचं किंवा ऑइलचं फनेल पुसून वापरणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, पुसल्यानं तेल जात नाही. झाकणाच्या आजूबाजूची धूळसुद्धा आधी ओल्या फडक्यानं काढा, काटोल रोडची असो की उमरेड रोडची, ती आत गेली तर फिल्टरलाच बसणार.

डिझेल चुकून युरियाच्या टाकीत गेलं तर चाबी ऑन करू नका, गाडी ढकलून बाजूला लावा. डिझेलनं आतले रबर सील फुगतात, आणि पंपापर्यंत पोचलं तर पंप, लाईन, इंजेक्टर सगळंच जाऊ शकते. टाकी उतरवून खाली करायची, धुवायची, पंप चालला नसेल तर बरेचदा तेवढ्यावर भागते. आणि उलटं झालं, म्हणजे युरिया डिझेलच्या टाकीत गेला, तर त्याहून वाईट. तिथंसुद्धा चाबी नाही म्हणजे नाही, कारण बऱ्याच गाड्यांत चाबी ऑन केल्याबरोबर फीड पंप डिझेल ओढायला लागते, आणि कॉमन रेलचा हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर हे युरियापेक्षा कितीतरी महाग आहेत. टोइंगचे पैसे द्या, हुशारी करू नका.

टाकीतला माल चांगला निघाला, तर पुढचा प्रश्न ड्रायव्हरला विचारायचा: गाडी बंद केल्याबरोबर मेन स्विच मारते का? चोरीच्या भीतीनं बऱ्याच लोकांनी पिकअपला बॅटरीचा कट-ऑफ लावून घेतला आहे. चाबी बंद केल्यावर कान लावून ऐका, मागून पंपाचा घुर्र आवाज थोडा वेळ येत राहते. तो पंप तेव्हा लाईनमधला उरलेला युरिया उलटा ओढून टाकीत परत नेऊन राहिला असते. तो आवाज बंद व्हायच्या आधी करंट तोडला की युरिया लाईनमध्ये आणि इंजेक्टरच्या तोंडात तसाच राहते, गरम सायलेन्सरच्या धगीनं त्यातलं पाणी उडते, उरते पांढरा दगड. रोज रात्री एक थर. दोन-तीन मिनिटं थांबा, गाडीचे कागद काढा, टायर पाहा, मग स्विच मारा. पन्नास टक्के इंजेक्टर जाम होण्याचं कारण हेच असं मी आकडा काढून सांगू शकत नाही, पण मी पाहिलेल्या गाड्यांत हे घडीघडी दिसलं.

तर तो पांढरा दगड. हे काम स्वतः करण्यासारखं आहे, हात बसला असेल तर. गाडी पूर्ण थंड होऊ द्या, सकाळी सकाळी करा. हातात ग्लोव्ह आणि डोळ्यावर चष्मा. काही गाड्यांत इंजेक्टरला कूलंटचे पाईप असतात, तुमच्यात असतील तर गरम इंजिनवर ते उघडू नका, आणि नंतर कूलंट भरून हवा काढावी लागते हे लक्षात ठेवा. युरियाच्या लाईनचं क्विक कपलर काढायच्या आधी त्याच्यावरची पांढरी पापडी कोमट पाण्यानं भिजवून विरघळू द्या, सुकं ओढलं तर प्लॅस्टिकची क्लिप तुटते आणि ती वेगळी मिळत नाही, अख्खी लाईन घ्यावी लागते. माझी तुटली आहे, म्हणून सांगून राहिलो.

इंजेक्टर बाहेर काढला की टोकाकडं पाहा. हलका पांढरा थर, बोट लावलं की साखरेसारखा खरखरतो, हे नॉर्मल आहे. पण जिथून फवारा निघते त्या बारीक छिद्रांवर खडीसाखरेसारखा खडा बसला असेल, किंवा पाईपाच्या आत फवारा धुरात मिसळणाऱ्या मिक्सरच्या पात्यावर उदबत्तीच्या राखेसारखी कांडी लटकली असेल, तर चोर सापडला. एका वाटीत गरम पाणी घ्या, उकळतं नाही, हात बुडवता येईल असं, डिस्टिल्ड असलं तर उत्तम. फक्त टोक बुडेल असा इंजेक्टर उभा ठेवा, कपलरच्या बाजूला पाणी जाता कामा नये. अर्धा तास. पाणी बदला, परत अर्धा तास. मऊ जुन्या टूथब्रशनं हलकं घासा. बस. पिन घालू नका, वायर ब्रश नको, स्क्रू ड्रायव्हर तर नाहीच, छिद्र एका केसाइतकं मोठं झालं तरी फवाऱ्याचा पॅटर्न बिघडते आणि मग आणखी दगड जमते. डिझेल, पेट्रोल, कार्ब क्लीनर यांनी युरिया विरघळत नाही, तो पाण्यातच विरघळतो, एवढी साधी गोष्ट आहे. सायलेन्सरच्या आतला जुना पिवळा-करडा कडक थर मात्र पाण्यानं सुटत नाही, तो जास्त गरमीत बदललेला असते, त्याला पाईप उतरवूनच साफ करावं लागते. बसवताना गॅस्केट नवीन टाका, जुन्या गॅस्केटमधून धूर गळला की इंजेक्टरचं टोक आणखी तापते.

हा दगड जास्त कोणाच्या गाडीत जमतो माहिती आहे का, इतवारी ते कळमना, गांधीबाग ते पारडी अशा फेऱ्या मारणाऱ्यांच्या. सायलेन्सर तापायच्या आधीच गाडी बंद होते, किंवा माल उतरेपर्यंत तासभर आयडलिंगवर उभी असते. धूर साधारण १८०-२०० डिग्रीच्या वर गेला तरच फवारा नीट चालू होते आणि त्याचा नीट अमोनिया होते. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रोडवर अर्धा-पाऊण तास लोडमध्ये पळवा, वर्धा रोड आहे, अमरावती रोड आहे.

पंप आणि फिल्टरचं मी लांबवत नाही. फिल्टर कंपनीच्या पुस्तकात दिलं त्या किलोमीटरला बदला, मिलावटी माल पडला असेल तर लगेच बदला. प्रेशर गाडीप्रमाणे ५ ते ९ बारच्या आसपास असते, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या आणि स्कॅनरवर जुळवा. पी२०ई८ म्हणजे प्रेशर कमी: टाकी खाली, फिल्टर चोक, लाईन गळती, मग पंप, या क्रमानं. स्कॅनरमध्ये डोझिंग टेस्ट असेल तर इंजेक्टर काढून एका मापाच्या कपात फवारा मारून पाहा, किती मिली आला आणि फवारा बारीक आहे की मुतल्यासारखी धार, दोन्ही पाहा.

वायरिंगकडं लोक पाहतच नाहीत. युरिया लई सरपटणारी चीज आहे, गळला की तो तारेच्या आतल्या तांब्यावरून वर चढत जाते आणि दोन फुटावरच्या कपलरमध्ये हिरवं-निळं करून ठेवते. म्हणून टाकीजवळचा, पंपाचा, इंजेक्टरचा आणि दोन्ही नॉक्स सेन्सरचा कपलर उघडून पाहा. पिनवर हिरवट दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, तार काळी पडली असेल तर तेवढा तुकडा बदला. धान्याच्या गोडाऊनपाशी गाडी उभी करणाऱ्यांनी उंदीर धरूनच चालावं. आणि वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी खालून सरळ सेन्सरच्या डब्बीवर मारू देऊ नका, गरम सायलेन्सरवर तर बिलकुल नाही, आतलं सिरॅमिक तडकते. फ्यूज तपासायला तर दोन मिनिटंही लागत नाहीत, पण ते सगळे शेवटी करतात. नॉक्स सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरशी सीएएन (CAN) नावाच्या दोन तारांवर बोलते. बॅटरीची वायर काढून त्या दोन तारांमध्ये मल्टीमीटर लावला तर ६० ओहमच्या आसपास आलं पाहिजे. १२० आलं तर एका टोकाचं टर्मिनेशन, म्हणजे तिथला रेझिस्टर, तुटलं, शून्याजवळ आलं तर तारा एकमेकींना चिकटल्या, आणि अशा वेळी नवीन सेन्सरही तीच बोंब मारणार.

आता एवढं सगळं करून झालं तर सेन्सरवर संशय घ्या. कोडमध्ये पी२२०० असेल तर पुढच्या सेन्सरचं सर्किट, पी२२९ई असेल तर मागच्याचं, पी२०७एफ युरियाच्या क्वालिटीचा, पी२०३एफ लेव्हल फारच खाली, पी२०४७ इंजेक्टरचं सर्किट तुटलेलं. पण कोड वाचून थांबू नका, मिस्त्रीला म्हणा लाईव्ह डेटा दाखव. गाडी थंड असताना नॉक्सच्या जागी नुसत्या रेघा दिसतील किंवा फालतू आकडा दिसेल, घाबरू नका, सेन्सर तापल्याशिवाय बोलत नाही. पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करा, मग एका स्पीडला ठेवून दोन्ही आकडे पाहा. पुढचा शेकड्यात आणि मागचा त्याच्या कितीतरी खाली, तर सगळं ठीक चाललं आहे. दोन्ही सारखेच, आणि स्कॅनर म्हणते डोझिंग चालू आहे, तर युरिया पोचून नाही राहिला किंवा पोचून राहिला ते पाणी आहे. आता उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा, डिझेल कट होते, तेव्हा दोन्ही आकडे शून्याकडं यायला पाहिजेत. एकजण तिथंच अडकून बसला असेल, म्हणजे इंजिन काहीही करो तो आपला १८० वरच, तर तो सेन्सर गेला. हा पुरावा हातात असेल तर बावीस हजार द्यायला दुखत नाही. दुखते, पण कमी.

एक बारकावा राहिला. नॉक्स सेन्सरला अमोनियाही नॉक्ससारखाच वाटते. म्हणजे इंजेक्टर टपकून राहिला आणि युरिया जास्त पडून राहिला तरी मागचा आकडा चढलेला दिसते, आणि लोक युरिया कमी पडते समजून उलटा इलाज करतात. सायलेन्सरपाशी अमोनियाचा वास येऊन राहिला असेल तर हे डोक्यात ठेवा. तसंच ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, जाम असेल किंवा टर्बोचा पाईप फुटला असेल तर इंजिनच नॉक्स जास्त काढते, आणि सायलेन्सरच्या जोडातून धूर गळून राहिला तर सेन्सरचे आकडेच चुकतात. युरियाची सिस्टिम निर्दोष असते आणि नाव तिचंच येते.

हीटरचा कोड निघाला तर हसू नका. युरिया उणे ११ डिग्रीला गोठतो म्हणून टाकीत हीटर दिलेला असते. नागपुरात २०१८ च्या डिसेंबरात पारा साडेतीनपर्यंत उतरला होता तेव्हाही त्याचं काही काम पडलं नसेल, पण तार तुटली तर कॉम्प्युटर दिवा लावतेच, त्याला नागपूर की लेह हे समजत नाही. बरेचदा कपलरच निघते.

मग कोणीतरी भेटतेच जो म्हणते, "काहून डोकं खाजवून राहिला बे, इम्युलेटर लाव, युरियाच बंद करून टाकतो." इम्युलेटर म्हणजे युरिया ठीक चालू आहे असा खोटा सिग्नल कॉम्प्युटरला देणारी डब्बी. करू नका. मोटार व्हेईकल ॲक्टच्या कलम १९०(२) मध्ये प्रदूषणाचे नियम तोडल्याबद्दल १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स बंद एवढं लिहिलेलं आहे, वॉरंटी जाते ती जातेच, आणि गाडी विकायला काढली की घेणाराही स्कॅनर घेऊनच येते आजकाल.

काम झाल्यावरची गोष्ट. नुसती बॅटरी काढून लावली की दिवा जाईल ही जुन्या गाड्यांची सवय इथं चालत नाही, बरेच कोड तसे जात नाहीत. स्कॅनरनं पुसायचे, क्वालिटी किंवा कॅटलिस्टचा रीसेट दिलेला असेल तो मारायचा, आणि मग गाडी गरम करून मोकळ्या रोडवर एकसारखी चालवायची म्हणजे कॉम्प्युटर स्वतःची टेस्ट पूर्ण करते. दिवा दोन-तीन ट्रिप लागलेलाच राहू शकते, त्यासाठी गॅरेजवाल्याच्या डोक्यावर बसू नका. मात्र दिव्यासोबत किलोमीटरचा उलटा काउंटडाउन चालू असेल तर तो थांबला की नाही ते पाहूनच लांबचं भाडं घ्या, कारण तो शून्यावर आला की गाडीप्रमाणे पॉवर कमी होते, स्पीड बांधला जाते, काही गाड्या बंद केल्यावर परत चालूच होत नाहीत. आणि टाकीतून काढलेला खराब युरिया संत्र्याच्या झाडाला टाकायचा विचार असेल, तर डिझेलचा तवंग दिसलेला तरी टाकू नका. आमच्या मामांनी टाकला होता, ते झाड अजून बोलत नाही त्यांच्याशी.